सातबारा आणि वहिवाट

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी एक लग्न लागते. बाराव्या शतकात एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी, म्हणजे याच सिद्धेश्वरांशी, लग्नाचा हट्ट धरला, ते नाही म्हणाले, आणि माझ्या योगदंडाशी लग्न कर असे त्यांनी सांगितले, अशी कथा आहे. त्या लग्नाची आठवण म्हणून आजही सात उंच नंदीध्वज गावातून मिरवत येतात. संमती कट्ट्यावर जी संमती वाचतात ती कन्नडात. भोवती पांढऱ्या बाराबंदीत उभ्या असलेल्या गर्दीत कित्येकांना तिच्यातले चार शब्दही कळत नसावेत. पण अक्षता केव्हा टाकायच्या यात कोणाची चूक होत नाही. मग आरोळी उठते, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’ तिच्यातले ‘एकदा’ आणि ‘बोला’ मराठी. बाकीचे कोणाच्या खात्यावर टाकायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

वडिलांच्या खांद्यावर बसून मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले होते, “दादा, ते काय वाचलालेत?” वडील म्हणाले, “आपल्याकडं लग्नात भटजी म्हणतात ते तरी कुठं कळतं? टाक अक्षता.”

या पुस्तकाचे बाड संपादकांनी माझ्यापुढे ठेवले आणि ‘प्रादेशिक अस्मिता’ या विषयाची ओळख करून देणारी प्रस्तावना मागितली, तेव्हा मला वडिलांचे हे उत्तर आठवले. अस्मिता या शब्दाशी माझे फारसे जमत नाही. आपण तो मानाचा फेटा बांधल्यासारखा वापरतो, पण पतंजलीच्या योगसूत्रांत तो पाच क्लेशांच्या यादीत आहे, अविद्येच्या लगेच पुढे. मराठीत येईपर्यंत क्लेशाचा अलंकार कसा झाला, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या संग्रहात तो नाही. असायला हवा होता.

संग्रहात आहेत ती सोलापूर आणि त्याच्या आसपासची माणसे: अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड शाळेत शिकवणारे गुरुजी, पूर्व भागात मागाच्या खडखडाटात वाढलेली मुलगी, मंगळवेढ्याचा ज्वारीवाला, विजापूर वेशीतला दखनी बोलणारा घड्याळजी, आणि पुण्याला जाऊन ‘शुद्ध’ होऊन परत आलेले माझ्यासारखे काही. आम्ही सगळे महाराष्ट्राचे, आणि त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. मात्र तो कशाचा, हे विचारले की प्रत्येक जण वेगळ्या खोलीत घेऊन जातो.

मला स्वतःला या गोष्टी जमिनीच्या भाषेत जास्त कळतात. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. वहिवाट निराळी. शेत माझे, पण बांधावरून तुझी बैलगाडी तीन पिढ्या जाते आहे, तर ती वाट मला नांगरून टाकता येत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यातही शहाण्या माणसाने ‘इतर हक्क’ असा एक रकाना ठेवला आहे आणि जमीन घेणारा जाणकार सगळ्यात आधी तिथे बोट ठेवतो. राज्ये झाली ती सातबाऱ्याने. सोलापूर चालते ते वहिवाटीवर. हे लेख वाचताना ‘इतर हक्क’ वाचत आहोत असे समजावे.

मालकीचा दावा लावायचाच म्हटले तर पुरावे सगळ्यांकडे भरपूर आहेत. नवव्या शतकातला ‘कविराजमार्ग’ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरला आहे असे सांगतो. तो ग्रंथ ज्या राष्ट्रकूट दरबारात झाला त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गीपलीकडचे आजचे मळखेड. त्या हिशोबाने सोलापूरच काय, पंढरपूरही आत. उलट बाजूने पाहिले तर दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलचे संगमेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या तुळईवरचा शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आनंद कुंभारांनी उजेडात आणला. आद्य मराठी लेखाच्या मानासाठी अलिबागजवळच्या अक्षीचा लेख आणि हा कुडलचा लेख यांच्यात विद्वानांची ओढाताण चालते. आणि आपल्या पिढीने शाळेत ज्या पहिल्या मराठी ओळी पाठ केल्या, त्या तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या आहेत, पार कर्नाटकाच्या पोटात. भाषेच्या जन्माचा दाखला काढायला परराज्यात जावे लागते, हे मराठी माणसाच्या लक्षात राहत नाही. राहिले तर बरे.

मंगळवेढ्याचे उदाहरण मला यापेक्षाही मोठे वाटते. कलचुरी बिज्जळाच्या काळात बसवेश्वर इथे राज्याच्या भांडारात होते. पुढे शे-दीडशे वर्षांनी याच गावात चोखोबा राहिले आणि गावकुसाचे काम करताना दरडीखाली गेले. एकाने वचने रचली, दुसऱ्याने अभंग. देवळाच्या दाराशी कोणाला थांबवावे हा दोघांचाही प्रश्न होता. त्यांच्या भाषा वेगळ्या, माती एक, आणि त्या मातीतली मालदांडी ज्वारी आजही दोन्ही भाषांत सारखीच भाजली जाते. संग्रहातला ज्वारीवाल्याचा लेख यावर एक शब्दही बोलत नाही. तो फक्त भाव, वाण आणि कणसाचे वजन सांगतो. मला तो सगळ्यात आवडला.

सुलतानी काळात तर सोलापूरचा किल्ला म्हणजे लग्नातला सततचा रुसवा होता. विजापूरच्या आदिलशाहीने आपली मुलगी अहमदनगरच्या निजामशहाला दिली तेव्हा किल्ला आंदण म्हणून कबूल केला आणि सोडला मात्र नाही. त्यावरून वर्षानुवर्षे लढाया झाल्या. मग निजामशाहीची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा तोच किल्ला आंदण म्हणून उलट दिशेने गेला. दोन घरांत आंदण म्हणून फिरलेल्या वस्तूने ‘मी मुळात कोणाची’ असा हट्ट धरू नये, असे माझी आजी म्हणाली असती. ती हे बोलली नाही, पण मंगळवार पेठेत लिंबे मोजून घेताना ती ओंदु, एरडु, मूरु असे मोजायची. आम्ही अस्सल मराठी घरातले. विचारले तर म्हणायची, “तसं मोजलं की लिंबूवाली एक जास्त घालती.”

तिला हसणाऱ्या कोणीही विटीदांडूतले आपले आकडे आठवावेत. वकट, लेंड, मूंड, नाल. पुण्या-साताऱ्यापर्यंतची पोरे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगूत मोजत खेळली आणि कोणाला पत्ता नव्हता. तेलुगूतले एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्दही दक्षिणेकडून आलेले आहेत. भाषा घर बदलते तेव्हा ट्रक बोलवत नाही. एकेक भांडे शेजारी देत-घेत जाते.

आता पूर्व भागाबद्दल, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण सोलापूरची ओळख देशभर ज्या वस्तूने झाली ती इथे विणली गेली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन होरपळत होती, आणि त्याच काळात, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. गाव अजून तिला जुनी मिल म्हणते. पुढे लक्ष्मी-विष्णू आली, नरसिंग गिरजी आली. निजामाच्या मोगलाईतून, तेलंगणातल्या गावांतून पद्मशाली विणकर कुटुंबे येत राहिली. कोणी गिरणीत लागले, कोणी घरात हातमाग मांडला, नंतर त्याचे यंत्रमाग झाले. साखर पेठ, कन्ना चौक, दत्त नगर या भागात अजून दुकानावरच्या पाटीत तेलुगू अक्षर दिसते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा मांडून फेर धरतात. जेकॉर्डची ती जाड, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी सोलापुरी चादर या लोकांच्या हातची. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या वस्तूंत ती आणि इथला टॉवेल आहेत.

मराठी माणसाने परगावच्या पाहुण्याला अभिमानाने द्यायची जी वस्तू, ती तेलुगू बोलणाऱ्या हातांनी विणलेली असते. यात विरोधाभास आहे असे बाहेरच्यांना वाटते. माग चालवणाऱ्याला वाटत नाही. त्याला सुताच्या भावाची आणि विजेच्या बिलाची चिंता असते. आणि पानिपतची. तिकडे तयार झालेला स्वस्त माल ‘सोलापुरी’ या नावाने विकला जाऊ लागला तेव्हा इथले कित्येक माग भंगारात गेले. मराठी माणसाचे पानिपत दुसऱ्यांदा व्हावे आणि या खेपेला ते तेलुगू माणसाच्या दारात व्हावे, हा विनोद पूर्व भागातल्याच एका मास्तरांनी मला सांगितला. सांगताना ते हसले नाहीत.

त्या घरांतल्या बायका विड्या वळतात. तेंदूपान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून वळायचे, हजाराचा हिशोब द्यायचा. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरांची चूल या विड्यांवर चालली. सोलापूरजवळ कुंभारी इथे अशाच असंघटित कामगारांसाठी रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्यामागे आडम मास्तरांची, म्हणजे माजी आमदार नरसय्या आडमांची अनेक वर्षांची चळवळ होती. तेलुगू आडनावाच्या नेत्याने मराठी गावात सगळ्या जातिधर्मांच्या कामगारांसाठी घरे मागितली, यात कुठल्या प्रदेशाची अस्मिता आहे? माझ्या मते पुष्कळ आहे, पण झेंड्यावर लिहिता येईल अशी नाही.

या गावाचा सगळ्यात मोठा अभिमान विचाराल तर चार हुतात्मे. १९३० च्या मे महिन्यात सविनय कायदेभंगाच्या वेळी सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस नावापुरता उरला आणि सरकारने मार्शल लॉ लावला. त्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चार नावे सावकाश वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. खटल्याच्या कागदात ही माणसे गावाचे प्रतिनिधी म्हणून निवडलेली नव्हती, सरकारने आपल्या हिशोबाने निवडली होती. गाव कसे आहे ते सरकारला त्या दिवशी बरोबर कळले म्हणायचे. सिद्धेश्वराची यात्राही त्याच आठवड्यात येते. त्यामुळे जानेवारीत सोलापूर आधी चौघांचे स्मरण करते आणि लगेच लग्नाला उभे राहते.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. भाषावार राज्यरचनेत सोलापूर मुंबई राज्यात राहिले, विजापूर म्हैसूर राज्यात गेले, कलबुर्गी तिकडे, उस्मानाबाद इकडे. लेकी-सुना दिलेल्या गावांच्या मधून रेषा गेली. योगायोग असा की द. रा. बेंद्रे सोलापूर सोडून धारवाडला परतले तेही त्याच साली. १९४४ पासून बारा वर्षे ते इथल्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते. कन्नडचा हा महाकवी, पुढे ज्ञानपीठ मिळवलेला, घरी मराठी बोलायचा आणि मराठीत लिहायचाही. बेंद्र्यांना कोणी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारले असेल तर त्या कारकुनाची मला दया येते.

सीमावादाचा सगळा इतिहास इथे सांगायचे कारण नाही. बेळगावच्या बाजूने तो मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. पाठ नसते ती दुसरी बाजू. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, एवढे आपल्याला आठवते आणि ते आठवून आपण चिडतो. त्याच अहवालाने महाराष्ट्रातली २४७ गावे तिकडे द्यावीत असेही म्हटले होते आणि त्यात अक्कलकोट, दक्षिण सोलापूरची गावे होती. बेळगावातल्या मराठी माणसाला जे दुखते ते अक्कलकोटातल्या कन्नड माणसाला कळते, कारण तो आरशाच्या पलीकडे उभा आहे. आपण बेळगावात मराठी शाळा मागतो तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिक्षक किती आहेत हे विचारायला हवे. बालभारती कन्नड आणि तेलुगू माध्यमाची पुस्तके छापते, ही मी महाराष्ट्राच्या खऱ्या अभिमानाची गोष्ट समजतो आणि ती कुठल्याही भाषणात ऐकलेली नाही. गुरुजींचा लेख सांगतो की पुस्तके उशिरा का होईना येतात. मुले मात्र दर वर्षी कमी होतात. कन्नड शाळेतून बाहेर पडलेल्या पोराला महाराष्ट्रात नोकरी शोधायची असते. बाप मग दुसऱ्या मुलाला मराठीत घालतो, तिसऱ्याला इंग्रजीत.

२०२२ च्या शेवटी सीमाप्रश्न पुन्हा पेटला तेव्हा जतच्या आणि अक्कलकोटच्या काही गावांनी आम्ही कर्नाटकात जातो असे जाहीर केले. मुंबईच्या वाहिन्यांवर देशद्रोहापर्यंत चर्चा गेली. गावांत जाऊन ऐकले असते तर शब्द साधे होते: पाणी, रस्ता, शाळा. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याच्याकडे सरकारला घाबरवायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे नकाशा. त्याने ती वापरली. मी या गावांना दोष देत नाही आणि त्यांच्या कन्नडप्रेमाच्या कथाही खऱ्या मानत नाही.

एक कबुली. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मी कोणाला तरी “काय करलालास बे? ये की इकडं” म्हणालो आणि पुढे दोन वर्षे माझे नाव ‘करलालास’ पडले. मी ते बोलणे सोडून दिले. इतके सोडले की सुटीत घरी आलो तर शेजारच्या अव्वा आईला म्हणाल्या, “पोरगं लय पेपरातल्यासारखं बोलायलंय.” मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच माझी मराठी माझ्या तोंडातून काढली, याचा राग यायला मला वीस वर्षे लागली. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि करमाळ्याकडची बोली अख्ख्या महाराष्ट्राने हौसेने तोंडात घेतली. त्याच चित्रपटातली पोरे पळून जातात ती हैदराबादला, आणि त्याचा कन्नड अवतारही निघाला. नागराज मंजुळे जेऊरचे. आमच्या जिल्ह्यातली माणसे पळून कुठे जातात हे त्यांना ठाऊक असणारच. त्या वर्षी वसतिगृहातल्या एका जुन्या मित्राने फोन करून मला सोलापुरीत बोलायचा आग्रह केला. मी बोललो नाही.

संपादकांशी माझे भांडण झाले ते ‘एकोपा’ या शब्दावरून. पहिल्या खर्ड्यात तो पानोपानी होता. तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात, हे खरे आहे आणि अपुरेही आहे. कोणाच्या मुलीने भाषेबाहेर नव्हे, जातीबाहेर लग्न केले की याच गावातले वाडे कसे बंद होतात ते मी पाहिले आहे. पूर्व भागाला ‘तिकडचे’ म्हणणारी पश्चिमेकडची आळीही पाहिली आहे. एकट्या जिल्ह्यासाठी २००४ मध्ये विद्यापीठ मिळाले याचा आनंद सगळ्यांचा होता. त्याला नाव कोणाचे द्यायचे ठरताना आनंदाचे तुकडे झाले. कोणी सिद्धेश्वरांचे मागितले, कोणी अहिल्यादेवींचे. २०१९ मध्ये अहिल्यादेवींचे नाव लागले. दोघांनीही तळी, घाट, पाणवठे बांधले. दोघांनाही हे भांडण आवडले नसते, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे, पण ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्यासाठी तो नावापुरता विषय नव्हता. ज्याला शतकानुशतके कुठल्याच पाटीवर जागा मिळाली नाही त्याला पाटी महत्त्वाची वाटते. वहिवाटीची थोरवी मी गातो ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरात जन्मलो म्हणून, हा आक्षेप एका लेखिकेने समासात पेन्सिलीने लिहिला आहे. मी तो खोडलेला नाही.

त्यामुळे या लेखांत हुग्गी, कडक भाकरी, शेंगाची चटणी येईल तशीच उपाशी मागवाल्याची भाकरीही येईल. वाचकाने गोडाच्या पंगतीला आल्यासारखे बसू नये.

शेवटची गोष्ट शब्दसूचीची. संपादकांना पुस्तकाच्या मागे कन्नड-तेलुगू शब्दांचे अर्थ द्यायचे होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘हिंडी’ म्हणजे शेंगाची चटणी हे कसे कळणार, ‘यण्णीमज्जन’ म्हणजे तेलाचे स्नान हे कोण सांगणार, असे त्यांचे म्हणणे. यादी तयार झाली, दीडशेच्या वर शब्द. तपासायला मी ती आईला वाचून दाखवली. ती गहू निवडत होती. येळवस म्हणताच म्हणाली, “ह्याचा काय अर्थ लिहायचा? येळवस म्हणजे येळवस.” मग अव्वा. मग हुग्गी. “हे काय परके शब्द हायत व्हय?” अर्ध्या यादीपर्यंत पोचलो तेव्हा तिने सूप खाली ठेवले आणि अक्कलकोटला दिलेल्या मावशीला फोन लावला. दोघींनी मिळून यादीतले आणखी साठ शब्द आपल्याकडे ठेवून घेतले. उरलेल्यांबद्दल मावशी म्हणाली की शेजारच्या पद्मशाली बाईंना विचारते, आणि त्या बाईंनी त्यातले निम्मे त्यांच्या घरचे म्हणून सांगितले.

शब्दसूची या आवृत्तीत नाही. अडले तर शेजारी विचारावे.